हुमेराच्या फायलीतला शेरा

काशीबाई म्हात्रे पेणच्या एका ट्रस्टच्या इस्पितळात मेट्रन होत्या आणि त्यांच्या हाताखालच्या मुली त्यांना टरकून असत. चाळीस खाटांचं इस्पितळ. सकाळी पावणेआठला जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की वॉर्डातल्या चादरी ताणल्या जात, केसांच्या बटा पिनेखाली जात. मिठागरावर मीठ ओढणाऱ्या माणसाची ही मुलगी. सातवीनंतर घरच्यांनी शाळा सोडवायचं काढलं तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. पुढं मॅट्रिक झाली, अलिबागला नर्सिंग शिकली आणि एकाहत्तर साली याच इस्पितळात कामाला लागली. नवरा लवकर गेला, मुलगी सासरी गेली, राहिलं ते इस्पितळ. आपल्या कामावर बोट ठेवायला कुणाला जागा मिळाली नाही, हे त्या अधूनमधून बोलून दाखवत आणि ते खरंही होतं.

रोह्याची हुमेरा मुकादम त्यांच्याकडे आली चौऱ्याण्णव साली. बाप मुराद कुवेतला, आई हमिदा रोह्याच्या घरी एकटी. हुमेरा नर्सेस क्वार्टरमध्ये राही आणि सुट्टीला पॅसेंजरनं घरी जाऊन येई. बोलायला कमी, पण हात असा की बघत राहावं. लहान मुलांच्या वॉर्डात शीर सापडणं हे सगळ्यात अवघड काम. इवलासा गुबगुबीत हात, आत दोऱ्याएवढी शीर आणि पोर जिवाच्या आकांतानं ओरडत असतं. जिथं डॉक्टरांनाही दोनदोनदा टोचावं लागे, तिथं हुमेरा मनगटावरून बोट फिरवायची, डोळे किंचित मिटायची आणि पहिल्याच खेपेला सुई आत. काशीबाईंना तोंडावर कौतुक करायची सवय नव्हती. पण "हुमेराला हाक मारा गो" हे दिवसातून चारदा त्यांच्याच तोंडून निघे.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत इस्पितळाला नवे मुख्य डॉक्टर आले. डॉ. विशाल. वय पस्तिशीच्या आतलं, बोलणं हळू. मुंबईत शिकत असताना त्यांच्या वॉर्डातली एक नर्स एकाएकी काम सोडून गेली होती आणि तिला काय होत होतं ते कुणी विचारलंच नव्हतं, एवढं एकदा ते बोलता बोलता म्हणाले होते. आल्यावर दोन महिन्यांत त्यांनी ट्रस्टच्या मंडळींच्या मागे लागून एक नियम करून घेतला. टाइप केलेली दोन पानं. ज्या नर्सला मनाचा त्रास होत असेल तिनं मेट्रनला सांगावं. मेट्रननं तिला बंद पाकिटातून चिठ्ठी द्यावी, महिन्यातून दोन शनिवारी बाहेरून येणाऱ्या मनाच्या डॉक्टरांकडे पाठवावं. पंधरा दिवसांची रजा, नंतर काही दिवस हलकं काम. आणि या गोष्टीचा तिच्या फायलीत कसलाही शेरा जाणार नाही.

डॉक्टरांनी नियम वाचून दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे आता डोकं फिरलं की रजा!" सगळ्या मुली हसल्या. काशीबाईही हसल्या. ती पानं त्यांनी ऑफिसच्या कपाटात, चादरी-कपड्यांच्या रजिस्टराखाली ठेवून दिली.

त्या साली श्रावणात जुलाब-उलट्यांची साथ आली. आठ दिवसांत अशी वेळ आली की एकेका खाटेवर दोनदोन पोरं. एका दुपारी कासू गावाकडची एक म्हातारी तीन वर्षांच्या नातीला खांद्यावर टाकून आली. मुलीचं नाव किमया. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. डॉ. विशाल ऑपरेशनला उभे होते. मुलीच्या अंगातलं पाणी इतकं आटलं होतं की शिरा पार आत बसल्या होत्या. हुमेरानं हात पाहिले, पाय पाहिले, कपाळाजवळची शीर पाहिली. पाचदा टोचलं. सहाव्यांदा सुई लागली, सलाईन सुरू झालं आणि दहा मिनिटांनी मुलगी गेली.

म्हातारी हुमेराला म्हणाली, "किती गो टोचलंस माझ्या बायला." रागानं नाही म्हणाली. नुसती म्हणाली.

आणायला फार उशीर झाला होता, कुणाच्याच हातात काही नव्हतं, असं डॉ. विशालनी सगळ्यांसमोर सांगितलं. हुमेरानं मान हलवली आणि ट्रे उचलून पुढच्या खाटेकडे गेली.

साथीच्या धावपळीत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. साथ ओसरल्यावर मात्र दिसायला लागलं. हुमेरा सुईचा ट्रे दुसरीच्या हातात द्यायची, "तू बघ ना जरा" म्हणायची. कधी नव्हे ती ड्युटीला उशिरा येऊ लागली. तापाच्या तक्त्यात एकाच पोराचा ताप दोनदा लिहिलेला, दुसऱ्याचा रकाना कोरा. डबा उघडायची आणि तसाच झाकायची. काशीबाई तिला दोनदा सगळ्यांदेखत बोलल्या. दुसऱ्या वेळी जरा जास्तच बोलल्या.

त्यानंतर चारेक दिवसांनी दुपारी जेवणं झाल्यावर हुमेरा त्यांच्या ऑफिसात आली. दार लोटून उभी राहिली.

"मॅडम, तो डॉक्टरांचा कागद हाय ना… मला त्या शनिवारच्या डॉक्टरांकडे जायचंय."

"कुठला कागद?" काशीबाईंनी विचारलं. कुठला ते त्यांना ठाऊक होतं.

"मनाचा."

काशीबाईंनी तिला बसायला सांगितलं. "काय होतंय तुला?"

"सुई हातात घेतली की ती पोर दिसते. मग शीर दिसतच नाय. झोप लागत नाय. काल थर्मामीटर धरून उभी होते, किती वेळ ते माझं मलाच कळलं नाय."

काशीबाई आईनं बोलावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघ बाय. त्या डॉक्टरकडे एकदा गेलीस की सगळ्यांना कळणार. पेण केवढं नि रोहा केवढं? उद्या तुझ्या लग्नाची बोलणी निघतील. सरकारी नोकरीला अर्ज करशील. कुणीतरी विचारणारच, हिला काय झालं होतं म्हणून."

"पण फायलीत काय लिहिणार नाय, असं त्यात हाय."

"लोकांच्या तोंडाला फाईल लागते होय?" काशीबाई म्हणाल्या. "मी नवी होते ना, तेव्हा माझ्या हातात एक बाळंतीण गेली. एकवीस वर्षांची. मी रडत बसले. तेव्हाच्या आमच्या हेड सिस्टर पाटणकरबाई, त्या म्हणाल्या, तोंड धुऊन ये आणि कामाला लाग. मी तोंड धुतलं नि लागले. सव्वीस वर्षं झाली त्याला. तुझंही जाईल."

"मग निदान थोडे दिवस दुसऱ्या वॉर्डात टाका."

"नको. आत्ता वॉर्ड बदललास तर पुन्हा सुई धरायची नाहीस. तिथंच राहा."

हुमेरा "व्हय मॅडम" म्हणून उठली. दार तिनं इतकं हळू लावलं की कडीचा आवाजसुद्धा झाला नाही.

आपण मुलीचं भलं केलं असं काशीबाईंना वाटलं. पुढं त्यांनी स्वतःला कितीही दोष दिला तरी एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं, की त्या दुपारी त्यांना खरोखरच तसं वाटलं होतं.

गणपती झाले. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास हुमेरानं सहा नंबरच्या खाटेचं इंजेक्शन सात नंबरच्या मुलाला दिलं. सहावर झटके येणारा मुलगा होता, त्याचं गुंगीचं औषध. सातवर न्यूमोनियाचा, बरा होत आलेला. चूक दुसऱ्या कुणाला कळलीही नसती. हुमेरा स्वतःच टेबलाशी आली आणि म्हणाली, "मी चुकीच्या पोराला दिलं. लवकर डॉक्टरांना बोलवा." डॉक्टर धावत आले. मुलाजवळ दिवसभर कुणी ना कुणी बसून राहिलं, दर पंधरा मिनिटांनी त्याचा श्वास मोजला. संध्याकाळी पोरगं उठलं आणि बिस्कीट मागायला लागलं. पण त्याच्या बापानं तोवर इस्पितळ डोक्यावर घेतलं होतं, आणि ट्रस्टच्या लोकांना कुणाचं तरी नाव हवं होतं.

गुरुवारी डॉक्टरांच्या खोलीत चौघं बसले. डॉ. विशाल, ट्रस्टचे सेक्रेटरी, काशीबाई आणि भिंतीजवळच्या खुर्चीत हुमेरा. सेक्रेटरी म्हणाले, ही सरळ हलगर्जी आहे. डॉक्टरांनी त्यांना थांबवलं.

"एक मिनिट. मेट्रन, गेला महिनाभर हिचं काम बिघडलंय असं मला दिसतंय. आधी असं कधी नव्हतं. ही तुमच्याकडे आली होती का? काही त्रास होतोय असं बोलली होती का? बोलली असेल तर आपला नियम आहे. मग ही चूक तिच्या एकटीवर टाकता येणार नाही."

डॉक्टरांनी दार उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. पण सेक्रेटरी चष्म्यावरून काशीबाईंकडे बघत होते आणि बाईंना पुढचा प्रश्न आधीच ऐकू आला: मग तुम्ही चिठ्ठी का दिली नाहीत? एवढ्या वर्षांत त्यांना कुणी 'का' म्हणून विचारलं नव्हतं.

"नाही सर," त्या म्हणाल्या. "मला काही बोलली नाही."

हुमेरानं मान वळवली आणि त्यांच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. ऐकण्यात काही चूक झाली का, असं विचारल्यासारखी ती बघत होती.

"हुमेरा, तुला काही सांगायचंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय सर," हुमेरा म्हणाली.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरींनी तिची फाईल काशीबाईंच्या टेबलावर पाठवली. गोपनीय अहवालात मेट्रनचा शेरा लागतो. काशीबाईंनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: "कामात लक्ष नाही. बालरुग्ण विभागास अयोग्य. सुधारणेची चिन्हे दिसत नाहीत." शाई वाळेपर्यंत त्या बसून राहिल्या. महिनाअखेरीस हुमेराची नोकरी संपली. जाताना तिनं औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या दिल्या, ॲप्रन धुऊन घडी करून दिला आणि म्हणाली, "येते मॅडम."

काशीबाईंचं काम पहिल्यासारखं चालू राहिलं. फक्त मुलांच्या वॉर्डात एखादं पोर शीर सापडत नाही म्हणून ओरडायला लागलं की त्यांच्या ओठांवर ते नाव यायचं आणि त्या ते गिळून टाकायच्या.

दिवाळीनंतर एके दिवशी धोंडुबाई साखर तपासायला आली. ही या इस्पितळातली जुनी आया, निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. काशीबाई नव्या होत्या तेव्हापासून तिला मावशी म्हणत. रिपोर्ट येईपर्यंत दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या.

"ती रोह्याची पोर गेली म्हनं?" धोंडुबाईनं विचारलं. "हात चांगला होता गो तिचा. माझ्या नातवाला तिनंच सलाईन लावलेलं."

"काय करणार मावशी," काशीबाई म्हणाल्या. "आत्ताच्या मुलींना सोसत नाय. माझ्या हातात ती बाळंतीण गेली तेव्हा पाटणकरबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतंय ना? तोंड धू नि कामाला लाग. लागलेच ना मी?"

धोंडुबाई हसली. "कामाला लागलीस? तोंड धुऊन आलीस नि पुन्हा रडत बसलीस. सहा महिने पाटणकरबाईनं तुला बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाय. तुझ्या पाळ्या त्या स्वतः करायच्या. मला सांगून ठेवलेलं, काशीला तिकडं धाडू नको, कुणी विचारलं तर सांग, कपड्यांच्या खोलीत काम हाय."

"मला तर वाटलं होतं, मला शिक्षा दिली."

"शिक्षा कसली गो? पोर मोडून जाईल म्हणायच्या."

काशीबाईंना ती खोली आठवली. खिडकीतून येणारं ऊन, चादरींचा साबणाचा वास, घड्या घालून घालून सपाट झालेले आपले तळवे. सहा महिने कुणी हाक मारली नव्हती, आणि त्या सहा महिन्यांतच कधीतरी हात थरथरायचे थांबले होते. पाटणकरबाईंचं एक वाक्य तेवढं त्यांनी जन्मभर जपून ठेवलं होतं आणि बाकीचं सगळं विसरून गेल्या होत्या. तेच अर्धंमुर्धं त्यांनी हुमेराच्या पदरात टाकलं होतं.

"त्यांनी कधी बोलून नाय दाखवलं," त्या म्हणाल्या.

"बोलायचं काय त्यात?" धोंडुबाई म्हणाली आणि रिपोर्ट आणायला उठली.

त्या रविवारी काशीबाई रोह्याला निघाल्या. पॅसेंजर नागोठण्याला बराच वेळ थांबली. काय बोलायचं ते त्यांनी मनात चारदा जुळवलं आणि चारदा मोडलं. घर विचारत विचारत गेल्या. हमिदाबाई अंगणात सोललेल्या कोळंबीचे सोडे वाळत घालत होत्या. नाव ऐकल्यावर त्यांनी हात पुसले, खुर्ची बाहेर आणली.

"तुम्ही म्हात्रे मॅडम व्हय! बसा, बसा. हुमेरा नेहमी सांगायची, आमच्या मॅडम कडक हायेत पण मला संभाळून घेतात. तिथलं काम संपलं म्हणाली. आता धाटावला कंपनीत जाते, पॅकिंगला. सकाळची शिफ्ट हाय, येईल एवढ्यात."

हमिदाबाईंनी दिलेला चहा काशीबाईंनी तसाच खाली ठेवला. पोरीनं आईला काहीच सांगितलं नव्हतं.

हुमेरा आली ती दारातच थबकली. बारीक झाली होती, पण चेहरा वाईट नव्हता. आईला ती म्हणाली, "अम्मी, मॅडमना नदीकडून फिरवून आणते." दोघी कुंडलिकेच्या काठापर्यंत चालत गेल्या. काठावर बायका कपडे धूत होत्या. तिथल्या एका ओट्यावर काशीबाई टेकल्या आणि जुळवलेलं सगळं विसरून म्हणाल्या, "मी खोटं बोलले गो, हुमेरा."

"मला ठाऊक हाय ना," हुमेरा म्हणाली. "मी तिथंच होते."

"मी डॉक्टरांना खरं सांगते. शेरा काढायला लावते. तू परत ये."

हुमेरा पाण्याकडे बघत होती. "मॅडम, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असतात तर तुमचं काय झालं असतं?"

काशीबाईंनी खरंच विचार करून पाहिला. डॉक्टर चार शब्द बोलले असते. सेक्रेटरींनी नाक मुरडलं असतं. आठ दिवसांत सगळे विसरले असते.

"काही नाय," त्या म्हणाल्या. "काहीच झालं नसतं."

हुमेरानं मान हलवली. मग ती म्हणाली, "त्या पोरीचं मी विसरले असते, बघा. हळूहळू. पण सुई धरायची म्हटली की आता डॉक्टरांची ती खोली दिसते, तुम्ही बसलेल्या. मला नाय जमायचं आता. इथं बरं हाय. पुड्या मोजायच्या, खोक्यात भरायच्या. चुकली तर पुडीच चुकते."

"झोप लागते का?"

"लागते थोडी."

काशीबाईंनी तिचा हात धरायला हात पुढं केला. हुमेरानं तो धरू दिला, पण तिची बोटं मिटली नाहीत. मग ती म्हणाली, "चला, तुमची गाडी चुकेल." स्टेशनपर्यंत सोडायला आली, गाडी हलेपर्यंत थांबली.

सोमवारी सकाळी काशीबाईंनी डॉ. विशालना सगळं सांगितलं. उभं राहूनच सांगितलं. डॉक्टर बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिले. शेवटी म्हणाले, "मेट्रन, तो नियम मी तुमच्या भरवशावर केला होता." याहून जास्त ते काही बोलले नाहीत. जास्त बोलले असते तर बरं झालं असतं, असं काशीबाईंना वाटलं. ट्रस्टनं त्यांना लेखी ताकीद दिली; ती त्यांनी सही करून घेतली. हुमेराच्या फायलीतला शेरा खोडला गेला, परत कामावर घेण्याचं पत्र निघालं. तिनं नम्रपणे नको म्हणून कळवलं.

ती दोन पानं मग काशीबाईंनी कपाटातून काढून नर्सेस रूमच्या भिंतीवर लावली. नव्या मुलींना त्या स्वतः वाचून दाखवू लागल्या, आणि कुणी हसलं तर हसणं थांबेपर्यंत थांबू लागल्या. पुढच्या दोन वर्षांत तिघीजणी त्या शनिवारच्या डॉक्टरांकडे गेल्या. तिघीही कामावर परत आल्या. चांगलंच झालं ते. पण त्या परत आल्या की काशीबाईंना चौथी आठवायची, खरं तर पहिली.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांनी हुमेराला एक अनुभवाचा दाखला लिहिला. कुणी मागितला नव्हता. तीन दिवस लागले लिहायला. शीर सापडण्याचं लिहिलं, साथीच्या वेळी सलग केलेल्या पाळ्या लिहिल्या, चूक झाल्यावर तिनं ती स्वतः येऊन सांगितल्याचं लिहिलं, आणि अशी नर्स माझ्या हाताखाली दुसरी झाली नाही, असंही. डॉक्टरांची सही घेतली, शिक्का मारला आणि रजिस्टर्ड पोस्टानं रोह्याला पाठवला.

आठवड्यानं पोचपावती परत आली. तीवर हमिदाबाईंची सही होती, उर्दूत, थरथरत्या हाताची. दाखला हुमेरानं वाचला का, कुठं ठेवला, की पाकीट फोडलंच नाही, हे काशीबाईंना कधी कळलं नाही.